तळ्यातले जीव, दगडातली नावे

हैदराबादहून नागपूरला जाणारा जुना मार्ग गोदावरी ओलांडून निर्मळच्या बाजूस डोंगर चढू लागतो. नदीच्या दक्षिणेस वाटसरूची सोबत करणाऱ्या ग्रॅनाइटच्या गोलसर शिळा हळूहळू मागे पडतात आणि माथ्यावर काळवत्री दगडाचे सपाट थर दिसू लागतात. इ. स. १८३० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्याच्या वैद्यकीय सेवेतील एक डॉक्टर या प्रदेशात हिंडत असता एका गोष्टीपाशी थबकला. त्याचे नाव जॉन ग्रँट माल्कमसन. येथल्या सिचेल नावाच्या टेकड्यांत, काळ्या दगडाच्या थरांच्या मध्ये चकमकीसारख्या कठीण दगडाची एक पातळ पट्टी त्याला आढळली, आणि त्या पट्टीत गोगलगायींचे शंख होते. ते समुद्रातले नव्हते. गोड्या पाण्याच्या तळ्यांत आढळणाऱ्या शंखांशी त्यांचे साम्य होते.

काळवत्री दगड हा थंड झालेला लाव्हारस होय. महाराष्ट्राचा बहुतेक भाग, इंदूरभोवतीचे माळव्याचे पठार, बडोद्याजवळचा पावागड, कच्छचा काही भाग आणि बेळगावच्या उत्तरेकडील प्रदेश या साऱ्यांवर या दगडाचे आच्छादन आहे. आज उरलेले त्याचे क्षेत्रच सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर भरते. भूशास्त्रज्ञ याला दक्षिण ट्रॅप म्हणतात. अशा अग्निरसाच्या दोन थरांमध्ये पाण्यातले जीव कोठून आले? उत्तर एकच संभवते. लाव्हारसाचे उद्रेक सलग होत नव्हते. एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत पुष्कळ काळ जाई. त्या अवधीत खळग्यांत पाणी साचे, तळी होत, काठी वनस्पती उगवत आणि जीवसृष्टी नांदू लागे. मग पुन्हा लाव्हारस येई आणि तळे झाकले जाई. दोन थरांच्या मध्ये सापडणाऱ्या या गाळाच्या खडकांना अंतरा-ट्रॅपी थर असे नाव मिळाले. कोठे ते हातभर जाडीचे असतात, कोठे काही मीटर. परंतु त्यांत त्या काळाची दैनंदिनी साठलेली असते.

असे शंख प्रथम पाहणारा माल्कमसन नव्हे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील हेन्री वेस्ली व्हॉयसी या डॉक्टर-भूशास्त्रज्ञाला १८२३ च्या एप्रिल महिन्यात वऱ्हाडातील गाविलगडच्या डोंगरात असेच अश्मीभूत शंख सापडले होते. पुढल्याच वर्षी व्हॉयसी वारला आणि त्याचे टिपण १८३३ साली प्रसिद्ध झाले. माल्कमसनने मात्र आपले नमुने लंडनला नेले. तेथे जेम्स डी कार्ल सॉवर्बी या जीवाश्मतज्ज्ञाने ते तपासले, आणि १८४० साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या ग्रंथात माल्कमसनच्या निबंधाबरोबर त्यांची वर्णने छापली गेली. एका गोगलगायीला जेम्स प्रिन्सेपचे नाव देऊन ती ‘फायसा प्रिन्सेपाय’ झाली. तिच्याबरोबर आणखी दोन अगदी लहान कवचांची नोंद झाली. मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशी ती कवचे होती. जवळजवळ गोल असलेल्याला सॉवर्बीने ‘सिप्रिस सबग्लोबोझा’ म्हटले आणि लांबटाला ‘सिप्रिस सिलिंड्रिका’. ही नावे ठेवताना त्याने फारसा विचार केला असेल असे नाही. परंतु त्यांतील पहिले नाव पुढे दीडशेहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांना चकवीत राहिले.

हे कवचधारी जीव कोण, हे आधी पाहिले पाहिजे. शास्त्रात त्यांना ऑस्ट्रॅकोड म्हणतात. कवच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे. बाहेरून पाहिले तर तो इवलासा शिंपला वाटतो, पण शिंपल्याशी त्याचे काही नाते नाही. नाते आहे ते कोळंबी आणि खेकडा यांच्याशी. एका बारीक कोळंबीने दोन झडपांच्या डबीत स्वतःला कोंडून घ्यावे, तसा हा प्राणी असतो. झडपा पाठीवर बिजागरीने जोडलेल्या असतात, आणि आतून एक स्नायू त्या ओढून घट्ट मिटवितो. त्या स्नायूची जागा कवचाच्या आतील बाजूस बारीक ठशांच्या रूपाने उमटलेली राहते. पावसाळ्यात गावच्या तळ्यातले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडापुढे धरले तर तळाशी किंवा शेवाळाच्या तंतूंवर लगबगीने फिरणारे असे ठिपके पुष्कळदा दिसतात. समुद्रात, नदीत, विहिरीत, झऱ्यात सर्वत्र त्यांची वस्ती आहे. पृथ्वीच्या इतिहासात सुमारे अठ्ठेचाळीस कोटी वर्षांपासून त्यांची कवचे खडकांत सापडत आली आहेत. प्राणी मेला की मऊ भाग कुजून जातो आणि चुन्याची ती डबी गाळात पडून राहते. एक प्राणी प्रौढ होईपर्यंत आठ वेळा कात टाकतो, आणि दर वेळी जुन्या कवचाच्या झडपा मागे सोडतो. म्हणून एका मुठीएवढ्या गाळातही त्यांची गणती शेकड्यांनी होऊ शकते.

माल्कमसननंतर या इतिहासाचे पुढले पान नागपुरात उलटले गेले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. धर्मप्रसार आणि शाळा हे त्यांचे नेमून दिलेले काम. पण पायी हिंडताना त्यांची नजर दगडांवर खिळलेली असे. १८५१ साली हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना शहराच्या पश्चिमेस टाकळीच्या माळावर जीवाश्मांचा एक समृद्ध थर सापडला. त्यात गोगलगायी होत्या, माशांचे खवले होते, फळे आणि बिया होत्या, भुंग्यांचे कठीण पंख होते, आणि कवचधारी सिप्रिस तर विपुल होते. दोघांनी मिळून नागपूर परिसराच्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात आला. १८६० साली हिस्लॉप यांचा दुसरा मोठा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या जोडीस टॉमस रूपर्ट जोन्स यांनी नागपूरच्या या सूक्ष्म कवचांचे टिपण लिहिले. जोन्स हे या शाखेतील त्या काळचे मान्यवर. त्यांनी एका जातीला हिस्लॉप यांचे, दुसरीला हंटर यांचे नाव दिले, आणि मध्येच आवळल्यासारखे दिसणारे एक कवच ‘सिप्रिस स्ट्रँग्युलाटा’ या नावाने नोंदले.

हिस्लॉप यांचा उत्साह मेलेल्या कवचांपुरता नव्हता. नागपूरच्या तळ्यांतले जिवंत कवचधारी प्राणीही त्यांनी लंडनला पाठविले, आणि विल्यम बेअर्ड यांनी १८५९ साली त्यांची वर्णने केली. त्यांतील एकाला बेअर्ड यांनी हिस्लॉप यांचे नाव दिले. आज ‘सायक्लेस्थेरिया हिस्लॉपाय’ म्हणून ओळखला जाणारा तो प्राणी जगातील उष्ण प्रदेशांत सर्वत्र आढळतो. त्याची शास्त्रीय जन्मभूमी मात्र नागपूर. चार सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना वाटेतल्या पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांचे नाव चालवीत आहे.

त्याच सुमारास मुंबईतही असेच थर हाती लागत होते. वरळी येथील थरात लहान बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले. मुंबईचे डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ साली मुंबई बेटाच्या भूरचनेवर सविस्तर लिहिले. बेडूक, गोड्या पाण्यातले कासव आणि सिप्रिसची कवचे हे त्या थराचे वैशिष्ट्य ठरले. निर्मळ, नागपूर, मुंबई ही एकमेकांपासून शेकडो मैल दूर असलेली ठिकाणे. पण प्रत्येक ठिकाणी तळ्याच्या तळाशी सिप्रिस हजर होताच.

वर्गीकरणाची अडचण येथेच उभी राहिली. शास्त्रात प्राण्याचे नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. जणू आडनाव आधी आणि नाव नंतर. ‘सिप्रिस’ हा वंश ओटो फ्रीड्रिक म्यूलर या डेन्मार्कच्या निसर्गशास्त्रज्ञाने १७७६ साली स्थापिला. पुढे शंभर वर्षे गोड्या पाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक गुळगुळीत, दाण्यासारख्या कवचाला हेच आडनाव लावण्यात आले. सॉवर्बी काय किंवा जोन्स काय, त्यांच्यापुढे कवचाची बाह्य आकृती तेवढी होती. चकमकीसारख्या दगडात रुतलेल्या कवचाची आतील बाजू पाहणे सोपे नव्हते. आणि या प्राण्यांची खरी ओळख आतच असते. बिजागरीची रचना, स्नायूंच्या ठशांची मांडणी, काठाच्या आतील पट्टीची रुंदी आणि तीत असलेले सूक्ष्म पडदे, डावी झडप उजवीवर चढते की उजवी डावीवर, या खुणांवरून वंश ठरतो. बाहेरून एकसारखी दिसणारी दोन कवचे आतून पाहिल्यास निराळ्या घराण्यांतली निघू शकतात.

‘सबग्लोबोझा’ या नावाने नेमके हेच केले. भारतातील तळ्यांत आजही एक गोलसर, फुगीर ऑस्ट्रॅकोड राहतो. तो माल्कमसनच्या जीवाश्मासारखा दिसतो असे वाटून त्यालाही तेच नाव लावण्यात आले. मग अन्य देशांतूनही, खडकांतून आणि जिवंत तळ्यांतून, त्या नावाच्या नोंदी येऊ लागल्या. कोट्यवधी वर्षे एकच जाती न बदलता नांदत आहे असा त्याचा अर्थ झाला. हे आश्चर्य पुस्तकांतून पुस्तकांत जात राहिले.

या एका नावावर काय अवलंबून होते, हे कळण्यासाठी त्या काळच्या मोठ्या वादाकडे पाहावे लागते. दक्षिण ट्रॅपचे वय किती, हा तो वाद. हिस्लॉप यांनी नागपूरच्या जीवाश्मांवरून हे थर तृतीय कल्पाच्या आरंभीच्या, इओसीन काळातले ठरविले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड यांना ते पटले नाही. नर्मदेच्या खोऱ्यातील खडकांचे परस्परसंबंध पाहून त्यांनी ट्रॅपचा आरंभ त्याआधीच्या क्रिटेशस काळात असावा, असा पक्ष मांडला. पुढे विसाव्या शतकात वनस्पतिजीवाश्मांचे थोर अभ्यासक बिरबल साहनी यांनी १९३४ साली हा प्रश्नच आपल्या लेखाचे शीर्षक केला आणि सौसर व मोहगाव येथील अश्मीभूत वनस्पतींच्या आधारे तृतीय कल्पाच्या बाजूने कौल दिला. तृतीय कल्प की क्रिटेशस, हा केवळ तारखेचा घोळ नव्हता. या दोन काळांच्या सीमेवर डायनोसॉर आणि त्यांच्याबरोबर असंख्य जीव पृथ्वीवरून नाहीसे झाले. दक्षिण ट्रॅपचे उद्रेक त्या सीमेच्या कितीतरी नंतरचे असतील तर त्यांचा त्या संहाराशी संबंध नाही. आणि त्याच वेळचे असतील तर तो संबंध शोधला पाहिजे. अंतरा-ट्रॅपी थरांत ऑस्ट्रॅकोडांइतका विपुल साक्षीदार दुसरा नव्हता. पण ज्या साक्षीदाराचे नाव क्रिटेशस काळापासून आजच्या तळ्यापर्यंत सर्वत्र घेतले जाते, तो वयाविषयी काय सांगणार? चुकीच्या नावाने त्याची साक्ष निरुपयोगी करून टाकली होती.

वयाचा निकाल शेवटी अन्य पुराव्यांनी लागला. १९८० नंतरच्या दशकात नागपूर आणि आसिफाबाद येथील अंतरा-ट्रॅपी थरांत डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे ओळखले गेले. हैदराबादच्या पश्चिमेस नस्कल येथे चिचुंद्रीएवढ्या एका सस्तन प्राण्याचे दात सापडले. १९८८ साली त्याचे वर्णन करणाऱ्या जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी त्याला ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपाय’ असे नाव दिले आणि टाकळीच्या त्या जुन्या संग्राहकाचे ऋण मानले. खडकांतील चुंबकत्वाचा अभ्यास आणि किरणोत्सर्गावर आधारलेली कालगणना यांनी दाखवून दिले की, ट्रॅपचे प्रमुख उद्रेक सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी, क्रिटेशसच्या अखेरीस आणि त्यानंतर लगेच, भूशास्त्राच्या मानाने अगदी थोड्या अवधीत झाले. ब्लॅनफर्ड यांचा अंदाज बऱ्याच अंशी खरा ठरला. तरीही सर्व थर एका वयाचे नव्हेत. मुंबईचे बेडकांचे थर सीमेच्या नंतरचे आहेत.

वय ठरल्यावर ऑस्ट्रॅकोडांची फेरतपासणी करणे अगत्याचे झाले, आणि आता तिची साधनेही हाती होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कवचाची बारीकशी खाचदेखील स्पष्ट दिसू लागली. पंजाब विद्यापीठातील एस. बी. भाटिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतर नागपूरपासून राजस्थानातील कोट्यापर्यंतचे अनेक थर तपासले. २००० नंतरच्या वर्षांत वेल्समधील रॉबिन व्हॉटली आणि रुरकीचे सुनील बाजपेयी यांनी अनेक नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. १९८४ साली नागपूरच्या एका जातीला जोन्स यांचे नाव देऊन भाटिया व राणा यांनी ती ‘पॅरासिप्रेटा’ या वंशात घातली होती. २००३ साली व्हॉटली, बाजपेयी आणि जे. ई. व्हिटेकर यांनी ‘सिप्रिस सबग्लोबोझा’च्या खऱ्या ओळखीचा प्रश्न स्वतंत्रपणे हाती घेतला. आज माल्कमसनची ती गोल कवचेही पॅरासिप्रेटामध्येच गणली जातात. या वंशाच्या कवचाला पुढील काठाच्या आत बारीक पडद्यांची एक रांग असते. सिप्रिसला ती नसते. तेव्हा आजच्या तळ्यातला गोल ऑस्ट्रॅकोड वेगळा आणि ट्रॅपमधला वेगळा. कोट्यवधी वर्षे टिकून राहिलेली एकच जाती हा भास होता. जोन्स यांची ‘स्ट्रँग्युलाटा’ही सिप्रिसमधून निघून ‘गॉम्फोसिथेरे’ या वंशात गेली. या वंशाचे जिवंत वारसदार आज आफ्रिकेच्या सरोवरांत राहतात.

गॉम्फोसिथेरेचे भावबंद असलेला एक वंश मात्र पृथ्वीवरून पार नाहीसा झाला आहे. त्याचे नाव ‘फ्रँबोसिथेरे’. ज्याँ-पॉल कोलँ या फ्रेंच तज्ज्ञाने १९८० साली तो स्थापिला. त्याच्या कवचाच्या पृष्ठभागावर तुतीच्या फळावर असावेत तसे गोल उंचवटे दाटीने असतात. क्रिटेशसमध्ये आणि तृतीय कल्पाच्या आरंभीच्या काळात तो युरोपात होता; कच्छमधील अंजार येथील अंतरा-ट्रॅपी थरांतही तो आढळतो. १९९९ साली भंडारी आणि कोलँ यांनी अंजारच्या नमुन्यांना युरोपात ठाऊक असलेल्या एका जातीची उपजाती ठरविले आणि तिला अंजारचेच नाव दिले. नाहीशा झालेल्या या वंशाचे जीवन कसे होते, हे त्याच्या आजच्या आप्तांवरून ताडता येते. या कुळातील प्राणी पोहत नाहीत. तळाशी, गाळावर आणि पाणवनस्पतींच्या बुडाशी सरपटत राहतात. माद्या अंडी बाहेर टाकीत नाहीत. कवचाच्या मागील भागात त्या अंडी आणि पिले सांभाळतात, आणि त्यामुळे माद्यांचे कवच मागे फुगलेले असते. नर आणि मादी यांच्या कवचांतला हा फरक दगडातही ओळखता येतो. डायनोसॉर चालत होते त्या काळात अंजारच्या तळ्यात एक मोहरीहून लहान आई आपल्या पिलांना डबीत घेऊन फिरत होती, हे एका रिकाम्या कवचाच्या फुगीर भागावरून कळते.

या सर्व कवचांचा एकत्र विचार केला की तळ्याचे चित्र उभे राहते. त्यासाठी अभ्यासक तीन गोष्टी मोजतो. पहिली, पोहणाऱ्या आणि सरपटणाऱ्या जातींचे प्रमाण. अंतरा-ट्रॅपी थरांत ‘झोनोसिप्रिस’ हा चिमुकला वंश वारंवार भेटतो. त्याच्या कवचावर बोटाच्या ठशासारख्या वर्तुळाकार रेषा असतात. तो आणि त्याचे सोबती उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात राहणारे. दुसरी गोष्ट म्हणजे लहान-मोठ्या कवचांचे प्रमाण. पिलांपासून प्रौढांपर्यंत सर्व वयांची कवचे एकत्र मिळाली तर ते जीव तेथेच जगले आणि तेथेच मेले, असे समजावे. प्रवाहाने आणलेला गाळ असता तर पाण्याने कवचे निवडून एकाच आकाराची जमविली असती. तिसरी गोष्ट, मिटलेल्या डब्या किती आणि सुट्या झडपा किती. मिटलेल्या डब्या पुष्कळ असतील तर गाळ भराभर साचला आणि पाण्याची ढवळाढवळ फारशी नव्हती, असे अनुमान निघते. याच्या जोडीला ‘कारा’ या पाणवनस्पतीची गोल फळे आणि गोगलगायींचे शंख असतात. कारा स्वच्छ, उथळ, चुनायुक्त पाण्यात वाढतो. सर्व पुरावा एकाच दिशेने बोट दाखवितो: काळ्या लाव्हाच्या पठारावरची संथ, उथळ, हिरवी तळी.

अशी तळी पुन्हा पुन्हा झाकली जात आणि पुन्हा पुन्हा वसत. निवलेल्या नव्या लाव्हावर तयार झालेल्या तळ्यात हे प्राणी पोचत तरी कसे? याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. नॉर्वेचे जॉर्ज ओसियन सार्स हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका येथून तळ्यांचा सुकलेला गाळ मागवीत. जहाजाने महिनोन्‌महिने प्रवास करून आलेल्या त्या चिखलावर ते पाणी ओतीत, आणि काही दिवसांत भांड्यात ऑस्ट्रॅकोड पोहू लागत. पॅरासिप्रेटा हा वंश सार्स यांनीच १९२४ साली दक्षिण आफ्रिकेतील प्राण्यांवरून स्थापिला. सिप्रिसच्या घराण्यातील अनेक जातींची अंडी वर्षानुवर्षे कोरडी राहून जिवंत राहतात. वाऱ्याबरोबर धुळीत मिसळून ती उडतात, प्राण्यांच्या पायांना चिकटलेल्या चिखलातून जातात. शिवाय या घराण्यात नराशिवायही माद्या प्रजा वाढवितात. म्हणजे एक अंडे तळ्यात पडले तरी वस्ती उभी राहू शकते. फ्रँबोसिथेरेसारख्या, पिले पोटाशी धरणाऱ्या प्राण्यांना ही सोय नव्हती. अंतरा-ट्रॅपी तळ्यांत सिप्रिसच्या घराण्याची गर्दी का, याचे हे एक सबळ कारण दिसते.

मात्र एक वाद अजून मिटलेला नाही, आणि त्याचे मूळही पुन्हा नावातच आहे. दक्षिण ट्रॅपचे उद्रेक झाले तेव्हा भारत हा आशियाला जोडलेला नव्हता. आफ्रिका आणि मादागास्कर यांच्यापासून सुटून उत्तरेकडे सरकणारे ते एक मोठे बेट होते. भाटिया यांच्यासारख्या अभ्यासकांनी काही जाती मंगोलियातून वर्णिलेल्या ‘मोंगोलियानेला’सारख्या नामशेष वंशांत घातल्या. सॉवर्बीची ‘सिलिंड्रिका’ याच वंशात गणली जाते. ही ओळख खरी असेल तर आशियाशी काही तरी दळणवळण होते, असे मानावे लागते. उलट व्हॉटली आणि बाजपेयी यांचे मत असे की, बहुतेक जाती केवळ भारताच्याच आहेत आणि त्यांची उत्क्रांती या बेटावर एकांतात झाली. फ्रँबोसिथेरे मात्र युरोपाकडे बोट दाखवितो. एखादे कवच एका वंशातून उचलून दुसऱ्या वंशात ठेवले की, कागदावर एक खंड दुसऱ्या खंडाच्या जवळ येतो किंवा दूर जातो. बिजागरीतल्या एका दातावर भूगोल अवलंबून असावा, ही गोष्ट विलक्षण खरी. परंतु म्हणूनच ती नाव देणाऱ्यावर मोठी जबाबदारी टाकते.

या कवचांची सर्वांत बोलकी साक्ष छिंदवाडा भागातील झिलमिली येथून आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील अंतरा-ट्रॅपी थरात गोड्या पाण्यातल्या ऑस्ट्रॅकोडांच्या सोबतीस समुद्रात तरंगणारे फोरॅमिनीफेरा हे सूक्ष्म जीव सापडले. ते डायनोसॉरांच्या अंतानंतर लगेच उगवलेल्या जातींचे आहेत. आज समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या या जागी त्या काळी खारे पाणी काही काळ पोचले होते, असे त्यावरून अनुमान करण्यात आले आहे. खाऱ्या-गोड्या पाण्यात राहणारे ऑस्ट्रॅकोडही तेथे मिळाले. आणि गोड्या पाण्यातल्या जाती कोणत्या? सीमेच्या आधीच्या थरांतून ठाऊक असलेल्या पॅरासिप्रेटा, गॉम्फोसिथेरे, झोनोसिप्रिस या वंशांचेच प्रतिनिधी. समुद्रात आणि जमिनीवर मोठमोठी घराणी बुडाली. तळ्याच्या तळाशी कुजक्या पाल्यावर जगणाऱ्या या गरीब जीवांनी तो प्रलय पुष्कळ अंशी निभावून नेला. हाताशी चिखल आणि जवळ कोरडी अंडी, एवढेच त्यांचे भांडवल होते.

हे कळावयास एकशे सत्तर वर्षे लागली. मध्यंतरी कोणाचीच निष्ठा कमी पडली नव्हती. माल्कमसन, हिस्लॉप, हंटर यांनी दगड जपून ठेवले, जागा नेमकी लिहिली आणि नमुने तज्ज्ञांकडे पोचविले. सॉवर्बी आणि जोन्स यांनी डोळ्यांना दिसले ते प्रामाणिकपणे रेखाटले. चूक झाली ती पुढे, दिसण्यातले साम्य म्हणजेच नाते असे मानण्यात. आणि ती दुरुस्त होऊ शकली ती मूळ नमुन्यांची वर्णने शिल्लक होती आणि मूळ थरांपर्यंत पुन्हा जाता येत होते म्हणून. टाकळीचा माळ आज वाढत्या नागपूर शहराने वेढलेला आहे. इतरत्रही खडीच्या खाणी, रस्ते आणि नांगर यांखाली हे पातळ थर एकेक करून नाहीसे होतात. एका तळ्याचा सारा इतिहास हातभर जाडीचा असल्यामुळे तो जाण्यास एक दिवसही पुरतो. एखाद्या विहिरीच्या खोदकामात काळवत्री दगडाच्या पोटातून पांढुरका, चकमकीसारखा पापुद्रा वर आला आणि त्यावर खसखशीसारखे दाणे दिसले, तर तो दगड फेकून देण्यापूर्वी तो कोठल्या विहिरीचा, किती खोलीवरचा, एवढे तरी कोणी टिपून ठेवले पाहिजे. माल्कमसनने निर्मळच्या वाटेवर केले ते इतकेच होते.